गिनीपिगच्या लघवीचा रंग बदलला तर काय, कधी आणि कोणत्या क्रमाने तपासायचे

पिंजऱ्यातल्या कापडावर विटकरी डाग दिसला की माणसे दोनपैकी एक चूक करतात. काही जण त्याच पावली प्राण्याला घेऊन धावतात आणि निघतो बीटचा रंग. काही जण ‘बीट खाल्लं असेल’ म्हणून आठवडाभर थांबतात आणि निघतो मूतखडा. मी दोन्ही करून बसले आहे. पहिलीत आपली धावपळ होते, दुसरीत प्राणी आठवडाभर वेदना काढतो. दोन्ही वेळा मी सुकलेल्या डागावरून निष्कर्ष काढला होता. ओली लघवी पाहिलीच नव्हती. म्हणून या लेखातला सगळ्यात मोठा टप्पा ओला नमुना मिळवण्याचा आहे. तो चुकला तर पुढचे सगळे अंदाजच.

## सुरुवातीआधी: ही लक्षणे असतील तर वाचत बसू नका

खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर नमुने आणि निरीक्षणात वेळ घालवू नका, लगेच पशुवैद्य गाठा.

- गिनीपिग लघवीसाठी कुंथतो आहे, पण थेंब थेंब येते किंवा काहीच येत नाही.
- ओल्या लघवीत उघड लाल रक्त किंवा रक्ताच्या गाठी आहेत.
- लघवी किंवा लेंड्या टाकताना तो बारीक, ताणलेल्या आवाजात ओरडतो.
- खाणे थांबले आहे. गिनीपिगचे आतडे सतत चालू राहावे लागते. अर्धा दिवस पोटात काही गेले नसेल तर रात्र उलटायची वाट पाहू नका.
- गाभण मादी सुस्त पडली आहे किंवा खायला तोंड लावत नाही.

नराचा मूत्रमार्ग लांब आणि अरुंद असतो. त्यात खडा अडकला की लघवी पूर्ण तुंबू शकते, आणि तुंबलेली लघवी काही तासांतच जिवावर बेतते. नर पुन्हा पुन्हा कोपऱ्यात जाऊन पाठ वाकवत असेल आणि कापड कोरडेच राहत असेल, तर रंगाचा प्रश्नच उरत नाही.

## टप्पा १: आपल्या प्राण्याचा नेहमीचा रंग आधी माहीत हवा

‘रंग बदलला’ असे म्हणायला आधीचा रंग माहीत असावा लागतो. बहुतेक घरांत तो कोणालाच माहीत नसतो, कारण गडद कापडावर किंवा लाकडाच्या भुशात लघवी दिसतच नाही.

निरोगी गिनीपिगची लघवी फिकट ते मध्यम पिवळी आणि थोडी गढूळ असते. भांड्यात ठेवली तर तळाशी पांढरट साका बसतो. माणसाच्या नितळ लघवीची सवय असलेल्यांना हा आजार वाटतो, पण तो नाही. माणसाचे आतडे साधारणपणे गरजेपुरते कॅल्शियम शोषते. गिनीपिग खाण्यातले बरेचसे कॅल्शियम आत घेतो आणि जास्तीचे लघवीवाटे टाकतो. त्याची लघवी आम्लाच्या उलट, म्हणजे अल्कलाइन असते. पीएच साधारण ८ ते ९. अशा लघवीत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक तयार होतात आणि तोच गढूळपणा. खात्री करायची तर पिंजऱ्याच्या तळावरच्या पांढऱ्या, सुकलेल्या डागावर व्हिनेगरचा एक थेंब टाका. बारीक फेस आला की ते कॅल्शियम कार्बोनेट समजा. (हट्टी डाग काढायलाही व्हिनेगरच उपयोगी पडते, फक्त प्राणी बाहेर काढून आणि नंतर पाण्याने धुऊन.)

आठवडाभर रोज एकदा पांढऱ्या कापडावर लघवी पाहा आणि वहीत तीन गोष्टी लिहा: रंग, गढूळपणा आणि त्या दिवशी काय खाल्ले. सोबत आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा. प्रौढ गिनीपिग साधारण ७०० ते १२०० ग्रॅमच्या दरम्यान असतो, पण आपल्याला महत्त्वाचे आहे ते त्याचे स्वतःचे नेहमीचे वजन.

पडताळा: सुकलेला पांढरा साका दोन बोटांत चोळून पाहा. खडूच्या पुडीसारखा मऊ लागला तर ठीक. वाळूसारखा कचकचला तर तशी नोंद करा आणि पुढचे टप्पे याच आठवड्यात उरका.

## टप्पा २: साहित्य जमवा

फार काही लागत नाही. दोन-तीन पांढरे सुती टॉवेल किंवा साधे पांढरे टिश्यू, गुळगुळीत तळाची प्लास्टिकची पेटी, सुई नसलेली सिरिंज, झाकणाची छोटी स्वच्छ बाटली, वजनकाटा, फोन. लघवी तपासायच्या पट्ट्या औषधांच्या दुकानात मिळतात, त्या असल्या तर उत्तम, नसल्या तरी अडत नाही.

टॉवेल सुगंधी साबणात धुतलेला नको आणि रंगीत तर अजिबात नको. लाल किंवा मरून फ्लीसचा (पिंजऱ्यात अंथरायच्या मऊ, लोकरीसारख्या कापडाचा) कच्चा रंग ओल्या डागात उतरतो आणि माणसे त्यालाच रक्त समजतात. नवे कापड आणले असेल तर त्यावर साधे पाणी ओतून पांढऱ्या टिश्यूने दाबून पाहा. टिश्यू रंगला तर गुन्हेगार सापडला.

## टप्पा ३: ओला नमुना मिळवा

इथे घाई चालत नाही.

१. दोन गिनीपिग एकत्र राहत असतील तर आधी वेगळे करा. डाग कोणाचा हे न ठरवता केलेली तपासणी फुकट जाते. एकमेकांचा वास आणि आवाज येईल एवढ्या अंतरावर ठेवा, म्हणजे घाबरणार नाहीत.

२. पोट, मागचा भाग आणि चारही पाय पाहून घ्या. तुटलेल्या नखाचे रक्त लघवीच्या डागात मिसळले की मोठा गोंधळ होतो. तळपायाला जखम आहे का तेही बघा.

३. पेटीत पांढरा टॉवेल अंथरा, एका कोपऱ्यात मूठभर सुके गवत ठेवा, पेटीचा अर्धा भाग कापडाने झाका. गिनीपिगला आडोसा आवडतो आणि बरेचदा तो त्या झाकलेल्या कोपऱ्यातच लघवी करतो.

४. बाजूला बसा. बऱ्याच गिनीपिगांना उचलून ठेवल्यावर थोड्या वेळात लघवी होते, काहींना अर्धा-पाऊण तास लागतो. तो मागे सरकून मागचा भाग किंचित उचलतो, तो क्षण पकडा. फोनवर व्हिडिओ सुरूच ठेवला तर पुढे पशुवैद्याला दाखवता येतो. त्या काही सेकंदांतले कुंथणे आणि आवाज डागावरून कधीच कळत नाहीत.

५. लघवी होताच टिश्यू अलगद दाबा आणि लगेच फोटो काढा. तोही खिडकीच्या उजेडात, कारण पिवळ्या दिव्याखाली सगळेच नारिंगी दिसते.

६. तपासणीला द्रव नमुना लागणार असेल तर टॉवेल काढून मोकळ्या तळावर हेच करा आणि लेंड्यांपासून दूरची लघवी सिरिंजने ओढून बाटलीत भरा. अर्ध्या-एक तासात पोहोचवता आली तर उत्तम, नाहीतर बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी द्या. गार झाल्यावर जास्त स्फटिक दिसतात, म्हणून नमुना किती वाजता घेतला ते बाटलीवर लिहा.

सावधान: लघवी व्हावी म्हणून पोट दाबू नका. आत खडा असेल किंवा मूत्राशय तट्ट भरले असेल तर त्या दाबाने इजा होऊ शकते.

## टप्पा ४: तोच डाग तीन वेळा पाहा

एकदा ओला असताना, मग अर्ध्या तासाने, मग पूर्ण सुकल्यावर. तिन्ही वेळा फोटो, त्याच उजेडात.

वनस्पतींतली रंगद्रव्ये लघवीतून बाहेर पडतात आणि हवा लागली की गडद होतात. त्यामुळे ओली असताना पिवळी दिसलेली लघवी दोन तासांनी नारिंगी किंवा गंजासारखी झाली, तर बहुधा हा रंगद्रव्यांचाच खेळ. भुशावर तर तो आणखी ठळक दिसतो.

रक्त सहसा ओल्या अवस्थेतच दिसते: गुलाबी छटा, लाल धागे, ठिपके, नाहीतर लघवीच्या शेवटी पडलेला वेगळा लाल थेंब. सुकल्यावर ते तपकिरी होते. रंगद्रव्य सगळ्या डागात सारखे पसरते, रक्त बरेचदा एका जागी गोळा होते. मात्र मूत्राशयातच रक्त मिसळले असेल तर तेही सारखेच पसरलेले दिसते. म्हणून ‘डाग एकसारखा आहे, म्हणजे रक्त नाही’ असे समजू नका.

पडताळा: लागोपाठ तीन-चार वेळच्या लघव्या पाहा. खड्यामुळे येणारे रक्त कधी दिसते, कधी नाही. एक स्वच्छ नमुना मिळाला म्हणून वही बंद करू नका.

## टप्पा ५: रंग काय सांगतो

पांढरट, दाट. सुकल्यावर पूड मऊ असेल आणि हे अधूनमधून होत असेल तर खाण्यातले कॅल्शियम जास्त होते आहे. दाट, चिकट, लापशीसारखी किंवा कचकचीत लघवी म्हणजे मूत्राशयात गाळ साचायला लागला असावा. त्याचे पुढे खडे होऊ शकतात. नराच्या बाबतीत एक गंमत: कापडावर पांढरा, रबरासारखा लांबट तुकडा सापडतो आणि मालक खडा म्हणून डबीत घालून नेतो. तो वीर्याचा गोळा असतो, लघवीशी त्याचा संबंध नाही.

नारिंगी, विटकरी. बीट, गाजर, लाल कोबी, पालक, डँडेलियनची पाने यांनंतर हे दिसू शकते. प्राणी खातो-पितो आहे, कुंथत नाही, वजन स्थिर आहे, तर टप्पा ७ कडे जा.

लाल, गुलाबी. बीट खाल्ल्याची पक्की नोंद नसेल तर रक्तच धरून चाला. मूत्राशयाचा संसर्ग, खडा आणि मादीत गर्भाशय किंवा अंडाशयाचे विकार ही नेहमीची कारणे. गिनीपिग मादीला पाळी येत नाही. तिचे चक्र १५ ते १७ दिवसांचे असते, पण त्यात रक्तस्राव होत नाही. ‘मादी आहे, होत असेल’ हे मी इतक्यांदा ऐकले आहे की त्यासाठी वेगळी पाटी लावावीशी वाटते. वय वाढलेल्या मादीत अंडाशयावर गाठी होणे फार सामान्य आहे. पोटाच्या दोन्ही बाजूंचे केस सारखे विरळ होत असतील तर तेही पशुवैद्याला सांगा.

गडद पिवळी, चहासारखी. पहिला संशय पाणी कमी जाण्याचा. बाटलीच्या नळीतला गोळा बोटाने ढकलून बघा, तो अडकलेला असतो आणि बाटली भरलेली दिसते म्हणून आपण निर्धास्त असतो. बाटलीवर मार्करने रेघ मारून २४ तासांत पाणी किती उतरले ते पाहा. किलोमागे दिवसाला साधारण १०० मिलिलिटर हा ढोबळ आकडा, पण ओला पाला भरपूर खाणारा गिनीपिग त्याहून बरेच कमी पितो. पाणी सुरळीत असूनही रंग दोन दिवस गडद राहिला तर तपासणी हवी. यकृताच्या आजारातही असा रंग येतो.

पाण्यासारखी नितळ. हिला कोणी घाबरत नाही, आणि मला वाटते इथेच जास्त फसगत होते. काकडीसारखे पाणीदार खाल्ल्यावर एखाद-दुसरी नितळ लघवी होणे ठीक. पण नेहमी गढूळ असणारी लघवी सलग नितळ झाली, पाणी पिणे वाढले, कापड सारखे भिजायला लागले, तर मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार तपासावा लागतो. उपाशी राहिलेल्या किंवा गाभणपणाच्या शेवटच्या दिवसांतल्या मादीत शरीर चरबी जाळायला लागते, लघवी आम्लधर्मी होते, मग कॅल्शियम कार्बोनेट विरघळते आणि लघवी नितळ दिसते. ही आणीबाणी आहे.

## टप्पा ६: रक्ताची घरगुती चाचणी, तिच्या मर्यादांसह

३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब टिश्यूवरच्या डागावर टाका, प्राण्यापासून दूर. रक्तातल्या एका विकरामुळे पेरॉक्साइड फसफसते. बीटचा रंग पेरॉक्साइडला फेस आणत नाही. पण जिवाणू आणि ताज्या पाल्याचे कणही फेस आणतात, आणि रक्त अगदी थोडे असेल तर फेस येतच नाही. फेस आला तर पशुवैद्याकडे जायला आणखी एक कारण मिळाले, एवढाच त्याचा अर्थ. नाही आला तरी निश्चिंत होऊ नका.

पट्टी त्यापेक्षा बरी. ताज्या लघवीत बुडवून डबीवर लिहिलेल्या सेकंदांनंतरच रंग जुळवा. तीन ठिकाणी लोक हमखास फसतात:

- गिनीपिगला क जीवनसत्त्वाचे थेंब किंवा गोळी चालू असेल तर लघवीत उतरलेले हे जीवनसत्त्व पट्टीवरचा रक्ताचा चौकोन कोराच ठेवू शकते. रक्त असूनही पट्टी ‘नाही’ म्हणते.
- लघवी मुळातच अल्कलाइन असल्याने प्रथिनांचा चौकोन उगाच रंगतो. त्यावरून मूत्रपिंड गेले असे समजू नका.
- पीएच ८-९ दिसला तर तो बिघाड नव्हे. तो ६ च्या आसपास उतरला आणि प्राणी नीट खात नसेल, तर मात्र घाई करा.

सावधान: पट्टीसाठी चाचणीच्या दिवशी क जीवनसत्त्व बंद करण्याचा सल्ला कुठे वाचलात तरी तो मनाने अमलात आणू नका. गिनीपिग हे जीवनसत्त्व स्वतः बनवू शकत नाही. डोस चालू आहे एवढे पशुवैद्याला सांगा, पुरे.

## टप्पा ७: संशयित खाणे काढा, बाकी काही हलवू नका

हा टप्पा फक्त खाणे, वजन, हालचाल सगळे ठीक असलेल्या प्राण्यासाठी.

वहीतून गेल्या दोन दिवसांतले रंगाचे पदार्थ शोधा आणि तेवढेच थांबवा. गवत, पाणी, नेहमीचे पेलेट (गोळ्यांचे तयार खाद्य) तसेच. घाबरून सगळ्या भाज्या बंद केल्या तर पाणीही कमी जाते, लघवी आणखी गडद होते आणि आपण आणखी घाबरतो. साधारण ४८ तासांत रंग मूळ पदावर आला, तर आठवड्याने तोच पदार्थ थोडासा देऊन पाहा. रंग पुन्हा आला की प्रश्न मिटला. ४८ तासांनंतरही रंग तसाच असेल तर खाण्याला दोष देणे थांबवा.

या दोन दिवसांत वजन रोज करा. वजन ५० ग्रॅमहून जास्त घसरले तर थांबायची मुदत तिथेच संपली.

माझी चिंगी चार वर्षांची होती तेव्हा मी हा टप्पा ४८ तासांऐवजी नऊ दिवस चालवला. गाजर बंद केले, मग पालक, मग पेलेट बदलले. लघवी करताना ती मागचा एक पाय किंचित उचलून धरायची, ते दिसत होते, पण माझे डोळे कापडावरच्या रंगावर खिळलेले. शेवटी खडा निघाला, टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडा मोठा.

## टप्पा ८: पशुवैद्याकडे जाताना

गिनीपिग, ससे असे प्राणी नियमित तपासणारा पशुवैद्य आधीच शोधून ठेवा. सोबत न्या: वही, तिन्ही वेळचे फोटो, व्हिडिओ, नमुन्याची बाटली आणि पिंजऱ्यातला सोबती, कारण एकटा गिनीपिग तणावात खाणे सोडतो. पेटीत गवत भरपूर ठेवा. तपासणीआधी उपाशी ठेवायचे नसते. गिनीपिगला उलटी होत नाही आणि उपवास त्याच्या आतड्यांना सोसत नाही. भूल द्यायची असेल तर ‘शेवटचे खाणे कधी द्यायचे’ हे त्या पशुवैद्यालाच विचारा.

तिथे विचारायच्या गोष्टी:

१. एक्स-रे काढणार असाल तर अगदी मागचा भाग पूर्ण येईल ना? कॅल्शियमचे खडे एक्स-रेवर सहसा स्पष्ट दिसतात, पण मूत्रमार्गाच्या अगदी टोकाशी अडकलेला खडा फोटोच्या चौकटीबाहेर राहू शकतो. चिंगीच्या पहिल्या एक्स-रेत हेच झाले आणि ‘सगळे ठीक’ म्हणून आम्ही घरी आलो.

२. मादी असेल तर गर्भाशय आणि अंडाशयासाठी सोनोग्राफी करावी का?

३. संसर्ग वाटत असेल तर लघवीचे कल्चर, म्हणजे त्यातले जिवाणू वाढवून तपासणे, करता येईल का? ते प्रतिजैविक सुरू होण्याआधी घेतले तरच नीट कळते.

४. वेदनाशामक देणार का? दुखत असेल तर तो खाणार नाही, आणि खाल्ले नाही तर दुसरेच संकट उभे राहते.

सावधान: घरात उरलेले माणसाचे, कुत्र्याचे किंवा मांजराचे प्रतिजैविक देऊ नका. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन यांसारखी औषधे तोंडावाटे दिली तर गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि त्यात प्राणी दगावतो. कोणी औषध लिहून दिले तरी ‘हे गिनीपिगला तोंडावाटे चालते ना?’ हे एकदा विचाराच.

## टप्पा ९: घरी परतल्यावर

दिलेला औषधाचा कोर्स पूर्ण करा. तिसऱ्या दिवशी लघवी पिवळी दिसली म्हणून बाटली कपाटात ठेवणारे पुन्हा त्याच दारात उभे राहतात. कोर्स संपल्यावर पुन्हा लघवी तपासायची तारीख आधीच ठरवून घ्या.

खाण्यात मुख्य गोष्ट गवत, तेही टिमोथीसारखे. लसूणघास, म्हणजे अल्फाल्फा, कॅल्शियमने भरलेला असतो. वाढत्या पिलांना आणि गाभण मादीला तो चालतो, प्रौढाला रोज नको. पेलेट विकत घेताना पाकिटावरचा पहिला घटक वाचा, कारण अल्फाल्फा बरेचदा तिथेच लपलेला असतो. पालक, पार्सली, केल अधूनमधून. पण कॅल्शियम पार शून्यावर आणायचा अट्टहास नको, दात-हाडांना ते लागते. त्यापेक्षा पाणी वाढवा: पाला धुऊन, ओलाच द्या, आणि पाण्याच्या बाटलीसोबत एक जड, उथळ वाडगाही ठेवून पाहा. काही गिनीपिग वाडग्यातून बरेच जास्त पितात.

खडा एकदा झाला की पुन्हा होऊ शकतो. त्यामुळे पांढरा टॉवेल आठवड्यातून एकदा अंथरायचाच, आजार असो वा नसो. आमच्याकडे रविवारी सकाळी वजन आणि टॉवेल एकत्र होतात. चिंगी काट्यावर बसल्या बसल्याच लघवी करायला शिकली, त्यामुळे हल्ली टॉवेल काट्यावरच अंथरते आणि त्याचे वजन वजा करते.